लहानग्यांच्या रोजच्या जेवणात भाजी मुरवताना

दोन-अडीच वर्षांचं मूल ताटात हिरवं काही दिसलं की तोंड फिरवतं. त्यात हट्टापेक्षा वयाचा भाग मोठा असतो. साधारण २ ते ६ या वयात अनोळखी अन्नाची भीती सगळ्यात जास्त असते. महिन्यापूर्वी आवडीनं खाल्लेली भेंडीसुद्धा मग नको होते. ही भीती ओसरेपर्यंत भाजी पोटात जात राहावी म्हणून ती आमटीत, कणकेत, धिरड्याच्या पिठात मुरवायची. रोजच्या स्वयंपाकात हे करत राहिल्यावर आम्हाला एक गोष्ट पक्की कळली आहे. यात हातचलाखी फारशी लागत नाही, पाण्याचा हिशेब लागतो. बहुतेक भाज्यांत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दुधीत आणि काकडीत त्याहून जास्त. हे पाणी पदार्थात उतरलं की कणीक सैल होते, धिरडं तव्याला धरतं, उप्पीट गिच्च होतं. मूल ताट ढकलतं ते बऱ्याचदा या बिघडलेल्या पदार्थामुळे, आणि नाव मात्र भाजीचं होतं.

आधी किती भाजी जायला हवी ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या आहार मार्गदर्शिकेत १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम पालेभाजी, ५० ग्रॅम इतर भाज्या आणि ५० ग्रॅम कंदमुळं सांगितली आहेत. ४ ते ६ वर्षांसाठी पालेभाजी ५० ग्रॅमच, बाकीच्या दोन्ही १००-१०० ग्रॅम. आता २५० ग्रॅम कणकेत १०० ग्रॅम पालकाचं वाटण घातलं तर साधारण १० चपात्या होतात. म्हणजे एका चपातीत १० ग्रॅम पालक. मूल दीड चपाती खाणार, म्हणजे १५ ग्रॅम. पालकाची चपाती केली म्हणजे आजची भाजी झाली, असं समजून चालत नाही. सकाळच्या उप्पीटात थोडी, चपातीत थोडी, आमटीत बरीचशी अशी विभागली तरच बेरीज जमते. म्हणून घरात एक छोटा वजनकाटा असावा. वाटीच्या अंदाजानं पालेभाजीचं माप हमखास चुकतं, कारण एक वाटी सैल पाला आणि एक वाटी दाबलेला पाला यांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो.

सगळ्या भाज्या सारख्या लपत नाहीत. कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटमध्ये किंवा लक्ष्मीपुरीत भाजी घेताना या कामासाठी वेगळ्या नजरेनं घ्यायची. दुधी, तांबडा भोपळा, दोडका, गाजर, पालक आणि फ्लॉवर या सहा भाज्यांवर सगळं घर चालतं. बीट, कोबी, पोकळा, चाकवत, तांदळी या मधल्या. जपून वापरल्या तर खपतात. शेपू, मेथी, मुळा, कारलं आणि ढबू मिरची यांच्या वाटेला लपवण्यासाठी जाऊ नये. शेपूचा वास कशातही घाला, तो वर येतोच. ढबू मिरची शिजल्यावर जास्तच जाणवते. भेंडी वाटली की तार सुटते आणि गवारीचे धागे घशात अडकतात. शेपू मूगडाळ घालून उघडच करावी आणि मुलानं ती खायला वेळ घ्यावा, हेच बरं.

दुधी नख लावल्यावर सहज टोचला जाईल इतका कोवळा घ्यायचा. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून चाखायचा आणि कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्यायचा. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी घटकामुळे येतो आणि तो शिजवून जात नाही. इथे तर आपण दुधी गूळ, आमसूल, डाळ यांच्याआड लपवणार, म्हणजे कडू चव मुलाला कळायची वाटही आपणच बंद करणार. दोडका आणि काकडीलाही हाच नियम. ही चव बघितल्याशिवाय या तिन्ही भाज्या कुकरमध्ये जाता कामा नयेत.

आता वाटण. कोल्हापुरात वाटणाशिवाय स्वयंपाक नाही, त्यामुळे मिक्सरचं भांडं रोज निघतंच. त्यातच भाजीचंही वाटण करून ठेवता येतं. पालकाची एक मोठी पेंडी घेतली तर जाड देठ काढून दीडशे ग्रॅमच्या आसपास पानं मिळतात. पानं खोल पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवायची आणि वरून हातानं उचलून घ्यायची. पातेलं कलंडवून पाणी ओतलं तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. पावसाळ्यात हे तीन-चार वेळा करावं लागतं. मग उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, १ मिनिट. लगेच गार पाण्यात, आणि मग मुठीत धरून पिळून काढायचा. झाकण ठेवलं तर पाल्यातलं आम्ल वाफेबरोबर जात नाही आणि हिरवा रंग मेंदीसारखा काळपट होतो. रंग टिकावा म्हणून काहीजण चिमूटभर सोडा टाकतात. त्यानं रंग टिकतो, पण क आणि ब१ जीवनसत्त्व जातं. ज्यासाठी खटपट करायची तेच घालवायचं, म्हणून सोडा नको. पिळलेला पालक पाणी न घालता वाटायचा. पातं फिरत नसेल तर एक चमचा तेल घालावं. वाटण गाळायचं नाही. वाटल्यानं चोथा बारीक होतो, गाळल्यानं तो जातो, आणि पोट साफ राहायला तोच हवा असतो.

तांबडा भोपळा, गाजर आणि फ्लॉवर पाण्यात उकळायचे नाहीत, वाफवायचे. कुकरच्या भांड्यात भाजी पाण्याशिवाय ठेवायची, पाणी फक्त कुकरच्या तळाला. भोपळ्याला २ शिट्ट्या पुरतात, गाजराला ३. भोपळ्याच्या भांड्यात जे पाणी सुटतं ते टाकू नये, आमटीला वापरावं. फ्लॉवरचं मात्र वेगळं आहे. तो कुकरला लावला की गंधकाचा वास सुटतो आणि तो वास मुलं दारातूनच ओळखतात. लहान तुरे करून उघड्या चाळणीवर ७-८ मिनिटं वाफवले, सुरी सहज शिरली की उतरवले, तर वास येत नाही. कोबीचंही तसंच, जितका जास्त शिजेल तितका जास्त वास मारतो. कुठलीही भाजी गरम असताना मिक्सरला लावू नये. वाफेनं झाकण उडतं आणि भाजतं. कोमट होऊ द्यावी, आणि भांडं अर्ध्याहून कमी भरावं.

हे वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की काम सोपं होतं. ट्रेच्या एका खणात साधारण १५ ते २० ग्रॅम बसतं. आपल्या ट्रेचा एक खडा एकदाच वजन करून बघावा, पुढे खडे मोजून भाजीचा हिशेब होतो. गोठल्यावर पिशवीत काढून वर भाजीचं नाव आणि तारीख लिहायची. पालक आणि चाकवत गोठल्यावर ओळखू येत नाहीत. फ्रीजच्या खालच्या भागात वाटण दोन दिवस, बर्फाच्या कप्प्यात महिनाभर. लाइट बराच वेळ जाऊन खडे वितळले तर परत गोठवू नयेत, त्या दिवशीच आमटीत संपवावेत.

चपातीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो. २५० ग्रॅम कणकेला एरवी १५० ते १६० मिली पाणी लागतं. १०० ग्रॅम पालकाच्या वाटणात जवळजवळ ९० मिली पाणी आलेलंच असतं. म्हणून आधी वाटण, मीठ आणि दोन चमचे तेल कणकेत चोळून घ्यायचं आणि मग पाणी चमच्या-चमच्यानं, एकूण ६० मिलीपर्यंत. कणीक नेहमीपेक्षा घट्ट वाटली तरी थांबायचं. २० मिनिटं झाकून ठेवल्यावर ती स्वतःच सैल पडते, कारण मीठ वाटणातलं पाणी ओढून काढतं. पहिल्यापासूनच मऊ मळली तर लाटताना पोळपाटाला चिकटते, मग पिठी जास्त लागते आणि जास्त पिठीची चपाती तव्यावर वातड होते. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर या चपातीतलं पाणी उडायला वेळ लागतो आणि तोवर ती पापडासारखी होते. ही कणीक रात्रभर ठेवू नये, सकाळी काळी पडते आणि आंबूस वास येतो.

हिरव्या रंगालाच मूल घाबरत असेल तर ४० ग्रॅम पालक आणि ६० ग्रॅम भोपळ्याचा गर एकत्र घालावा. भोपळ्याचा केशरी रंग हिरवेपणा बराच झाकतो आणि चपाती नुसती जरा गडद गव्हाची वाटते. नुसत्या भोपळ्याची चपाती पिवळसर, किंचित गोड आणि सगळ्यात मऊ होते. डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते, म्हणून बालवाडीच्या डब्याला तीच चांगली. त्यासाठी २५० ग्रॅम कणकेला १२० ग्रॅम गर आणि पाणी फार तर ४०-५० मिली. गर पातळ असेल तर पाणी अजिबात लागत नाही.

ज्वारीच्या भाकरीत भाजी लपवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यावर आणि मळण्यावर टिकतं. वाटण आत गेलं की भाकरी थापतानाच कडेला चिरते आणि फुगत नाही. नाचणीचं पीठ मात्र या कामाला उत्तम, कारण त्याचा रंगच असा की पालक, पोकळा, बीट काहीही घातलं तरी तपकिरीच दिसतं. १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात २५ ग्रॅम तांदळाचं पीठ, ५० ग्रॅम पाल्याचं वाटण, ताक आणि जिरं घालून धिरडी घालायची. नाचणीच्या चवीला रुळलेलं मूल यातला पाला ओळखत नाही.

खरी भाजी जाते ती आमटीतून. १०० ग्रॅम तूरडाळ अर्धा तास भिजवायची. त्यात १५० ग्रॅम सोललेला दुधी बिया काढून मोठ्या फोडी करून, ७५ ग्रॅम तांबडा भोपळा, चिमूटभर हळद आणि थोडं तेल. ३५० मिली पाण्यात ४ शिट्ट्या. कुकर उघडला की लगेच, गरम असतानाच रवीनं घोटायचं. दुधी असा विरघळतो की डाळीत शोधून सापडत नाही, आणि भोपळ्याचा पिवळेपणा हळदीच्या खात्यावर जातो. गार झाल्यावर घोटलं तर दुधीचे तंतू राहतात आणि मूल ते जिभेनं बाहेर काढतं. मिक्सरमधून फिरवलं तर डाळीला फेस येतो आणि आमटी लापशीसारखी चिकट होते, म्हणून रवीच. मग फोडणी, आणखी २०० मिली गरम पाणी, मीठ. एकूण पाऊण लिटरच्या वर आमटी होते आणि मुलाच्या १५० मिलीच्या वाटीत ४० ग्रॅमच्या आसपास भाजी जाते. चपातीशी ताडून बघा, केवढा फरक आहे.

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, आंबट आधी पडतं. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल कुकरमध्येच टाकलं की डाळ शिजत नाही, दाणा तसाच राहतो आणि मग भाजीही वेगळी दिसते. आंबट नेहमी घोटून झाल्यावर. दुसरं, भोपळा आणि गाजर दोन्ही भरपूर घातले की आमटी गुळचट होते. तेव्हा एखाद्या आमसुलानं किंवा चमचाभर चिंचेच्या कोळानं ती जागेवर येते. मुलाची वाटी आधी बाजूला काढायची आणि मग मोठ्यांच्या आमटीत कांदा-लसूण चटणी. भाजीचा वास मारायला मुलाच्या वाटीत तिखट वाढवणं चूक आहे. भाजी तर लपते, पण पोटाला त्रास होतो आणि तिखटाशिवाय काहीच गोड लागेनासं होतं.

आमटी टिकायची असेल तर रोज तीच करू नये. दोडक्याची साल न काढता फक्त शिरा खरवडून तो डाळीत शिजवला तर तोही घोटला जातो. मसूरडाळीला गाजर चांगलं, रंग मिळताजुळता. मूगडाळीच्या खिचडीत दुधीचा कीस. चाकवत तर डाळ आणि बेसन लावून घोटूनच करायची भाजी आहे, ताकातल्या त्या पातळ भाजीत मुलाला चावायला काहीच येत नाही. थंडीत चाकवत आला की त्याचा फायदा घ्यावा.

रंग जुळवणं हे या सगळ्यातलं दुसरं सूत्र. हिरव्या मुगाचं धिरडं मुळातच हिरवं असतं, तेव्हा पालक तिथेच घालावा. १५० ग्रॅम मूग रात्रभर भिजवून, ८० ते १०० ग्रॅम कच्ची पालकाची पानं, आलं, जिरं, मीठ आणि शंभर मिलीपर्यंत पाणी घालून वाटायचं. पीठ पळीतून जाडसर पडलं पाहिजे. धिरडं तव्याला धरत असेल तर दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळावं. अंड्याच्या पोळीत पालक हिरवा दिसतो, पण भोपळ्याचा गर बलकाच्या रंगात मिसळून जातो. २ अंड्यांना ३० ग्रॅम गर, मंद आच, वर झाकण. त्याहून जास्त गर घातला तर अंडं धरत नाही, मधे ओलं राहतं. बारीक रव्याच्या उप्पीटात फ्लॉवर. बारीक किसणीवर किसला की तो रव्यासारखाच दिसतो. १०० ग्रॅम भाजलेल्या रव्याला ६० ग्रॅम कीस, फोडणीत ३-४ मिनिटं परतून मग पाणी आणि रवा. पाणी नेहमीपेक्षा ४०-५० मिली कमी. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा मऊ भात करत असाल तर त्यातही हाच कीस शिजतो आणि तांदळाच्या स्वतःच्या वासापुढे फ्लॉवरचा वास जाणवत नाही.

थालीपीठाला १५० ग्रॅम भाजणीला १०० ग्रॅम दुधीचा कीस. आधी कीस, तिखट-हळद आणि भाजणी एकत्र करून दहा मिनिटं ठेवायचं, मग लागलं तरच पाणी. मीठ थापायच्या अगदी आधी. मीठ घालून पीठ ठेवलं की दुधी पाणी सोडत राहतो आणि शेवटचं थालीपीठ थापताच येत नाही. आप्प्यांत आणि इडलीत भाजी पीठ आंबल्यानंतरच मिसळायची. आधी घातली तर पीठ पातळ होतं आणि आंबटपणा वाढतो. अर्धा किलो पिठाला ६० ते ७५ ग्रॅम गाजराचा पिळलेला कीस पुरतो. पिळलेलं पाणी आमटीत जातं. आप्प्यांत सोडा आणि हळद दोन्ही असतील तर लालसर ठिपके पडतात, कारण हळद सोड्याबरोबर लाल होते. खराबी काही नसते, पण मूल त्यालाच बीट समजून नको म्हणतं. दोन्हींतलं एक वगळावं.

मांसाहार करणाऱ्या घरात आणखी सोपं आहे. मटण शिजवताना काढलेलं अळणी लहान मुलं आवडीनं पितात. त्यात दुधीच्या फोडी शिजवून घोटल्या की ते दाटही होतं. पांढऱ्या रश्श्यात फ्लॉवर बेमालूम जातो. अर्धा लिटर अळणीला नेहमीच्या काजू, तीळ, खसखशीच्या वाटणाबरोबर १२० ग्रॅम वाफवलेला फ्लॉवर बारीक वाटायचा, अळणीत उकळून घ्यायचा, शेवटी आच मंद करून नारळाचं दूध. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, रस्सा फुटतो. खिम्यात २५० ग्रॅमला १०० ग्रॅम गाजराचा कीस, पण तो वेगळा परतून, पाणी आटवून. कच्चा घातला तर खिमा परतला न जाता उकडला जातो.

गोडातही वाट आहे आणि ती जुनीच आहे. भोपळ्याच्या घाऱ्या हे भाजी खपवण्याचंच घरगुती तंत्र. २५० ग्रॅम भोपळ्याचा कीस आणि ८० ते १०० ग्रॅम गूळ मंद आचेवर शिजवायचा, गार करून त्यात मावेल तितकीच कणीक आणि दोन चमचे रवा, पाणी अजिबात नाही. रोजच्यासाठी तळण्याऐवजी जाडसर लाटून तव्यावर तूप सोडून दशमी भाजावी. गूळ जास्त झाला की पीठ सैल होतं आणि दशमी करपते. गोड हे आठवड्यातून एखाद्या वेळचं ठेवावं, भाजीचं निमित्त करून रोज गूळ नको.

प्रमाण एकदम पूर्ण घालायचं नाही. वर दिलेल्या मापाच्या पावपटीनं सुरुवात, तीन-चार जेवणं तेच, मग निम्मं, मग पूर्ण. एका वेळी एकच बदल: रंग बदलला तर चव तीच, चव बदलली तर रंग तोच. नाकारलं तर एक पायरी मागे यायचं, सोडून द्यायचं नाही. आणि मुलाचा एक पदार्थ कधीही हात न लावता ठेवायचा. दूध किंवा साधा वरण-भात, जे त्याचं हक्काचं असेल ते. दुधात गाजर-बीट मिसळून मुलाचं दूध पिणंच सुटलं तर मिळवण्यापेक्षा गमावलं जास्त. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असावं. जेवण झाल्यावर ‘बघ, तुला पालक खाऊ घातला की नाही’ असं कौतुकानंसुद्धा कुणी म्हणू नये. त्यानं मूल पुढची चपाती उलगडून तपासायला लागतं. मात्र मुलानं सरळ विचारलं, तर आत काय आहे ते सरळ सांगावं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणातल्या मुख्य पदार्थांत भाज्यांचा गर वाढवल्यावर दिवसभरात पोटात जाणारी भाजी जवळजवळ दुप्पट झाली, आणि शेजारी उघड वाढलेली भाजी खाणंही कमी झालं नाही. पण त्याच वेळी एकूण उष्मांक सुमारे १२ टक्क्यांनी घटले. अंगानं भरलेल्या मुलाला ते चालेल. किरकोळ मुलाच्या आमटीवर चमचाभर तूप आणि धिरड्यात शेंगदाण्याचा कूट हवाच. तूप-तेल तसंही लागतं, भोपळा, गाजर आणि पाल्यातलं अ जीवनसत्त्वाचं द्रव्य स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. पालकाच्या पदार्थावर वाढताना लिंबू पिळावं, लोह शोषायला मदत होते. लिंबू शिजवताना घालू नये, क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं. बीट दिलं असेल तर दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर होऊ शकते, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर घर घाबरतं.

पावसाळ्याची तजवीज जूनमध्येच करावी लागते. पाला चिखलानं भरलेला आणि महाग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ताच बंद झाला, तेव्हा भाजीची आवकही अडली. न चिरलेला, देठासकट तांबडा भोपळा कोरड्या हवेशीर जागी महिनोन् महिने टिकतो. असे एक-दोन ठेवावेत. शेवग्याचा पाला उन्हाळ्यातच सावलीत वाळवून पूड करून ठेवावी. २५० ग्रॅम कणकेत एक लहान चमचा पुरे, जास्त झाली की कडवट लागते.

हे सगळं चालू असतानाच उलटी वाटही पहिल्या दिवसापासून चालू ठेवायची. ताटाच्या कडेला त्याच भाजीची एक फोड दिसेल अशी ठेवायची, खाण्याचा आग्रह नाही. नवी चव रुळायला ८ ते १५ वेळा समोर यावी लागते, आणि मुलानं ती नुसती हातात धरून ठेवली तरी ती एक ओळखच. आमटी चार-सहा आठवडे सुरळीत गेली की रवी थोडी कमी फिरवायची, दाटपणा राहू द्यायचा. मग डाळ घोटून झाल्यावर वेगळा शिजवलेला दुधी किसून घालायचा, पुढे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, मग बोटाच्या पेराएवढी फोड. चपातीत वाटणाऐवजी बारीक चिरलेला पालक. तुकडे दिसायला लागल्यावर मूल ते निवडून बाजूला ठेवतं. ठेवू द्यावं. बाकीची आमटी खाल्ली जाते आणि काही दिवसांनी बाजूला ठेवलेल्या तुकड्यांची संख्या घटते. कच्चं गाजर आणि मुळ्याच्या जाड फोडी चार वर्षांपर्यंत हातात देऊ नयेत, घशात अडकतात. तोवर गाजर किसून, दही आणि बारीक कूट घालून कोशिंबीर, किंवा वाफवून मऊ झालेल्या लांब फोडी, ज्या भाकरीबरोबर मूल स्वतःच्या हातानं उचलू शकेल.